ओटा, ओसरी आणि शेजार

घराचे बहुतेक भाग घरच्या माणसांसाठीं असतात. माजघर, स्वयंपाकघर, निजण्याची खोली यांत परक्याचा पाय सहसा पडत नाहीं. रस्ता मात्र सर्वांचा असतो. त्यावर घरधन्याची सत्ता चालत नाहीं. या दोहोंच्या मध्यें एक लहानशी जागा असते. महाराष्ट्रांतील जुन्या घरांत तिला ओटा किंवा ओसरी म्हणतात. आल्यागेल्यानें तेथें क्षणभर टेकावें, घरच्यांनीं त्याची विचारपूस करावी, आणि उंबरा न ओलांडतांहि ओळख व्हावी, असा या जागेचा उपयोग. अमेरिकेंतील जुन्या उपनगरांतील घरांनाहि अशीच जागा होती व पुष्कळ ठिकाणीं ती अजून आहे. तेथें तिचे दोन प्रकार आढळतात. एक ‘स्टूप’, म्हणजे दारापुढील पायऱ्या व त्यांच्या माथ्यावरचा उघडा ओटा. आणि दुसरा ‘पोर्च’, म्हणजे खांब, छप्पर व कठडा असलेली ओसरी, बहुधा लांकडी.

या दोन्ही जागांविषयीं एक गोष्ट आरंभींच लक्षांत घेतली पाहिजे. घराचा ओटा घराच्या आधीं म्हातारा होतो. ऊन, पाऊस, बर्फ आणि माणसांचीं पावलें हीं सारीं प्रथम त्याच्यावर येतात. मुख्य घर धड उभें असतांच ओसरीचे खांब बुडाशीं कुजतात, पायऱ्या खचतात, कठडा डुगडुगूं लागतो. म्हणून प्रत्येक पिढीपुढें तोच प्रश्न पुनः उभा राहतो: मोडकळीस आलेला ओटा काढून टाकावा, भिंती घालून त्याची खोली करावी, कीं होता तसा पुनः बांधावा? वरवर पाहतां हा प्रश्न सुताराचा व गवंड्याचा आहे. परंतु अमेरिकेंत त्याच्या उत्तराबरोबर शेजारधर्माचें स्वरूपहि बदलत गेलें.

‘स्टूप’ हा शब्द मूळ डच भाषेंतला. सतराव्या शतकाच्या पहिल्या चरणांत डच लोकांनीं हडसन नदीच्या मुखाशीं न्यू ॲमस्टरडॅम हें गांव वसविलें, तेव्हां आपल्या देशांतील घरांची रीत त्यांनीं बरोबर आणली. हॉलंड हा सखल देश. पाण्याची धास्ती तेथें नेहमींची. म्हणून जोतें उंच आणि दारापुढें पायऱ्या. १६६४ सालीं इंग्रजांनीं तें गांव घेतलें व त्याचें नांव न्यूयॉर्क ठेवलें. राज्य बदललें, भाषा बदलली, परंतु पायऱ्या राहिल्या आणि त्यांचें डच नांवहि राहिलें. पुढें १८१४ सालीं रॉबर्ट फुल्टन याची वाफेची नाव ईस्ट नदीवर चालूं लागली, आणि मॅनहॅटनमध्यें धंदा करून रात्रीं पलीकडच्या ब्रुकलिन हाइट्समध्यें राहणें सुलभ झालें. अमेरिकेंतील अगदीं पहिल्या उपनगरांत या वस्तीची गणना होते. तेथें एकमेकांना लागून घरांच्या ओळी उभ्या राहिल्या आणि घरोघर दगडी ओटे आले. पायऱ्या चढून वरच्या दारानें घरचीं माणसें व पाहुणे आंत जात. ओट्याखालच्या दारानें नोकरचाकर ये-जा करीत आणि माल आंत जाई.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून अशा अनेक घरांना कनेक्टिकट संस्थानांतील पोर्टलंड येथील तपकिरी वालुकाश्म वापरण्यांत आला. हा दगड घडण्यास मऊ व दिसण्यास भारदस्त. परंतु तो थराथरांचा असतो. खाणींत जसे थर आडवे असतात तसेच ते भिंतींत ठेवले तर दगड टिकतो. दर्शनी भागाला तक्ते लावतांना मात्र ते थर पुष्कळदां पुस्तकाच्या पानांप्रमाणें उभे राहिले. मग सांध्यांतून पाणी शिरलें, थंडींत तें गोठलें, आणि दगडाचे पापुद्रे सुटूं लागले. बांधणाऱ्याच्या हयातींतच कित्येक ओट्यांचें रूप बिघडूं लागलें होतें.

ओसरीची कुळकथा निराळी आहे, आणि तिचा एक धागा हिंदुस्थानाशीं येऊन भिडतो. ‘व्हरांडा’ हा शब्द इंग्रजींत हिंदुस्थानांतून गेला. पोर्तुगीज भाषेंतील त्याच जातीच्या शब्दाशीं त्याचें नातें आहे. ‘बंगलो’ हें नांव तर बंगालच्या ‘बंगला’ घरावरूनच पडलें. वेस्ट इंडीजमधील उष्ण हवेच्या वसाहती आणि पश्चिम आफ्रिकेंतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांची घरबांधणी यांचाहि वांटा अमेरिकन ओसरींत आहे, असें अभ्यासक मानतात. यावरून दिसतें कीं जी ओसरी अमेरिकन घराची खूण म्हणून पुढें गाजली ती अनेक देशांच्या हातांनीं घडली होती.

तिला प्रतिष्ठा मिळवून देण्यांत अँड्र्यू जॅक्सन डाउनिंग याचा भाग मोठा. हडसन नदीकाठीं राहणाऱ्या या उद्यानकारानें १८४२ व १८५० सालीं घरबांधणीवर जीं पुस्तकें प्रसिद्ध केलीं, त्यांत साध्या कुटुंबाच्या घरालाहि व्हरांडा अवश्य असावा असा त्याचा आग्रह होता. ज्या घराला सावलीची, बसण्याची जागा नाहीं तें घर त्याला अपुरें वाटे. १८५२ सालीं हडसन नदीवर आगबोटीला लागलेल्या आगीच्या अपघातांत तो ऐन तारुण्यांत मरण पावला. परंतु त्याचा विचार उपनगरांनीं उचलला. १८६९ सालीं फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड व कॅल्व्हर्ट व्हॉक्स यांनीं शिकागोजवळ रिव्हरसाइड हें उपनगर आंखलें, तेव्हां घरें रस्त्यापासून ३० फूट मागें बांधावींत असा नियम केला. पुढें हिरवळ, तिच्यामागें ओसरी, आणि तिच्यामागें घर, हा क्रम उपनगरांत रूढ झाला. वाफेच्या यंत्रांवर कांतलेले खांब आणि कोरीव कमानी आगगाडीनें गांवोगांव जाऊं लागल्या. १९०८ ते १९४० या काळांत सीअर्स रोबक या व्यापारी पेढीनें तर सबंध घराचें सुटें सामान डाकेच्या मागणीवर विकलें. अशीं सुमारें ७०,००० घरें विकलीं गेलीं आणि त्यांतील कित्येकांच्या चित्रांत पुढची ओसरी ठळक दिसे.

या ओसरीवर केवळ संध्याकाळच्या गप्पाच झाल्या असें नाहीं. १८८० सालीं जेम्स गारफील्ड यानें ओहायोंतील मेंटर गांवच्या आपल्या घराच्या ओसरीवरूनच अध्यक्षपदाची निवडणूक लढविली. १८९६ सालीं विल्यम मॅकिन्ली यानें कँटन येथें हाच मार्ग धरला, आणि त्याच्या दारापुढें सुमारें ७,५०,००० माणसें येऊन गेलीं असें सांगतात. १९२० सालीं मॅरियन येथें वॉरेन हार्डिंग यानें त्याची पुनरावृत्ति केली. हार्डिंगच्या घराची आधींची ओसरी एका विजयोत्सवांत माणसांच्या भारानें कोसळली होती. तिच्या जागीं बांधलेल्या प्रशस्त व गोलाकार ओसरीवरून त्यानें हीं भाषणें केलीं. बांधकाम दुबळें असेल तर लोकप्रियतेचा भारहि त्याला सोसत नाहीं!

तथापि ओसरीच्या गुणगानांत एक गोष्ट विसरतां येत नाहीं. दक्षिणेंतील संस्थानांत वर्णभेदाच्या काळीं काळ्या माणसानें गोऱ्याच्या पुढच्या ओसरीवर चढणें हा अपराध समजला जाई. त्यानें मागच्या दारानेंच यावें अशी रीत होती. जी जागा सर्वांच्या ओळखीसाठीं होती ती अशा रीतीनें कोणाला परकें ठरवावयाचें हें दाखविण्याचीहि जागा झाली. याउलट काळ्या लोकांच्या स्वतःच्या वस्त्यांत ओसरी ही गोष्टींची, वादांची आणि थट्टामस्करीची सभा असे. फ्लॉरिडांतील ईटनव्हिल या गांवीं वाढलेल्या झोरा नील हर्स्टन या लेखिकेनें तेथील दुकानाच्या ओसरीवरील बोलणें आपल्या ग्रंथांतून अजरामर केलें आहे. ओसरी स्वतः उदार नसते आणि कृपणहि नसते; तिच्यावर कोणाला बसूं द्यावयाचें हें माणसें ठरवितात.

अशी ही जागा कां मोडते? लांकडाची खरी वैरी हवा नव्हे. तें खुंटलेलें पाणी होय. जुने सुतार ओसरीच्या फळ्या घरापासून बाहेरच्या दिशेनें घालीत आणि दर फुटाला सुमारें पाव इंच ढाळ देत, म्हणजे पाऊस आपोआप उतरून जाई. परंतु फळीचें कापलेलें टोंक तहानलेल्या तोंडासारखें असतें. तेथला रंग गेला कीं तें पाणी शोषूं लागतें. खांबाच्या बुडाची हीच गत. पोकळ खांबाला वरखालीं वारा मिळाला नाहीं तर तो आंतून कुजतो आणि बाहेरून धडधाकट दिसतो. छपराची पन्हळ तुंबली कीं पाणी तुळईवर ओघळतें. ओसरीखालची मोकळी जागा जाळीदार फळ्यांनीं झांकण्याची जुनी पद्धत होती, ती केवळ शोभेसाठीं नव्हती. त्या जाळींतून वारा खेळावा आणि खालचा ओलावा जावा हा तिचा हेतु. पुढें कोणी जाळीच्या जागीं विटांची भिंत घातली कीं वरच्या फळ्यांचें आयुष्य संपूं लागतें.

दगडी व सिमेंटच्या ओट्यांचें दुखणें जमिनींत असतें. पाणी गोठलें म्हणजे सुमारें नऊ टक्के फुगतें. थंड प्रदेशांत हिंवाळ्यांत जमीन कित्येक फूट खोल गोठते. शिकागोच्या परिसरांत पाया ४२ इंच खोल घेण्याची रीत याचसाठीं आहे. ओट्याचा पाया उथळ असला तर गोठलेली माती त्याला दर वर्षीं थोडा थोडा उचलते आणि उन्हाळ्यांत पुनः खालीं सोडते. शिवाय घराच्या तळघरासाठीं खणलेला खड्डा पुढें भरतात, ती भराव माती वर्षानुवर्षें दबत जाते. तिच्यावर टेकलेला सिमेंटचा ओटा मग घराकडे कलतो आणि पावसाचें पाणी रस्त्याकडे न जातां तळघराच्या भिंतींत मुरूं लागतें. बर्फ वितळविण्यासाठीं टाकलेलें मीठ उरलेलें काम करतें.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चरणांत अशा थकलेल्या ओट्यांची मोठीच पिढी एकदम अमेरिकेपुढें आली, आणि तिनें बहुधा सोपीं उत्तरें निवडलीं. न्यूयॉर्कमध्यें जुन्या मोठ्या घरांच्या भाड्याच्या खोल्या झाल्या. तेथें पायऱ्या पाडून खालचें दार हेंच मुख्य दार करण्यांत आलें. मंदीच्या काळांत जागेची चणचण होती, म्हणून कित्येक कुटुंबांनीं ओसरीला भिंती व खिडक्या घालून खोली केली. ज्यांनीं ओसरी ठेवली त्यांतील अनेकांनीं दुसऱ्या महायुद्धानंतर लांकडी खांबांच्या जागीं बारीक लोखंडी खांब आणि लांकडी पायऱ्यांच्या जागीं सिमेंटच्या तयार पायऱ्या बसविल्या. पैसा वांचला, परंतु जाड खांबांवर शोभणारें छप्पर काड्यांवर टेकल्यासारखें दिसूं लागलें.

नव्या घरांनीं तर ओसरीला रजाच दिली. १९४७ ते १९५१ या काळांत न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर लेव्हिटटाउन या उपनगरांत १७,००० हून अधिक घरें उभीं राहिलीं. आरंभीचीं घरें लहान, स्वस्त व सारख्या नमुन्याचीं होतीं. त्यांना दाराशीं पायरी होती, ओसरी नव्हती. तेथील आरंभींच्या करारांत गोऱ्यांखेरीज इतरांनीं घरांत राहूं नये अशी अटहि होती, हें येथें सांगितलें पाहिजे. शेजार कोणाचा नको हें त्या कागदानेंच ठरविलें होतें. याच सुमारास मोटारींचा आवाज व धूर यांनीं रस्त्याकडे तोंड करून बसण्याची गोडी घालविली. रेडिओनें आधींच माणसांना संध्याकाळीं आंत बोलाविलें होतें. दूरचित्रवाणीनें त्यांना तेथेंच खिळविलें. हवा थंड करणाऱ्या यंत्रानें उन्हाळ्यांत बाहेर बसण्याचें कारणच नाहींसें केलें. बसण्याची जागा घराच्या मागें, कुंपणाच्या आड गेली. तेथें जाण्यास आमंत्रण लागतें. पुढच्या ओसरीवरच्या माणसाला वाटेनें जाणारा नुसता हांक मारूं शकत असे.

हा बदल कांहीं डोळस माणसांना खटकला. १९६१ सालीं जेन जेकब्स यांनीं आपल्या प्रसिद्ध ग्रंथांत दाखविलें कीं रस्त्याची सुरक्षितता केवळ शिपायांच्या पहाऱ्यावर राहत नाहीं. दारांतून, पायऱ्यांवरून व खिडक्यांतून सहज पाहणाऱ्या डोळ्यांचा तिला आधार असतो. न्यूयॉर्कचें भव्य पेनसिल्व्हेनिया स्थानक १९६३ सालीं पाडण्यास सुरुवात झाली, तेव्हां जुन्या इमारतींविषयीं लोकमत जागें झालें. १९६५ सालीं त्या शहरानें संरक्षणाचा कायदा केला, आणि त्याच वर्षीं ब्रुकलिन हाइट्स हा त्याखालील पहिला संरक्षित विभाग ठरला. तपकिरी दगडाच्या घरांत तरुण कुटुंबें पुनः राहावयास आलीं आणि पूर्वीं पाडलेले ओटे कित्येकांनीं शेजारच्या शाबूत ओट्यावरून माप घेऊन नव्यानें बांधले. १९७७ सालीं अमेरिकन सरकारनें जुन्या वास्तूंच्या जीर्णोद्धाराचीं तत्त्वें प्रसिद्ध केलीं. त्यांचें सार सांगावयाचें तर, जें दुरुस्त होऊं शकतें तें बदलूं नये, आणि बदलणें भागच असेल तर नवें तें आकारानें, पोतानें व शक्यतों द्रव्यानेंहि जुन्याशीं जुळतें असावें.

हीं तत्त्वें ओट्याला लावणें वाटतें तितकें सोपें नाहीं. लांकडी ओसरीचें काम वरून आरंभतात. छपराचें पाणी आधीं थांबवावें, मग छपराला टेकू देऊन भार खांबांवरून काढावा, आणि त्यानंतरच खांब, तुळया व फळ्या तपासाव्या. ज्या खांबाचें बूड तेवढें कुजलें आहे त्याचा कुजका भाग कापून तेथें नव्या लांकडाचा जोड देतां येतो. सारा खांब फेंकून देण्याचें कारण नसतें. जुन्या वनांतील सावकाश वाढलेल्या झाडांचें लांकूड घट्ट असे. लागवडींतलें झटपट वाढलेलें लांकूड तसें नसतें. म्हणून जुना खांब हातचा जाऊं देण्यापूर्वीं दोनदां विचार करावा, असें जाणते सुतार सांगतात. नव्या लांकडाच्या कापलेल्या टोंकांना बसविण्यापूर्वींच रंग द्यावा लागतो. मागाहून तेथें कुंचला पोंचत नाहीं. दगडी ओट्याच्या बाबतींत सुटलेले पापुद्रे घट्ट दगड लागेपर्यंत छिनून काढतात आणि त्यावर दगडाच्या रंगाचा गिलावा थरांनीं चढवितात.

याहून अवघड गांठ कायद्याची आहे. जुन्या ओसरीचा कठडा बहुधा २८ ते ३० इंच उंच असे. खुर्चींत बसलेल्या माणसाला त्यावरून रस्ता दिसावा अशी ती उंची. आजचा नमुना-नियम सांगतो कीं ओसरी जमिनीपासून ३० इंचांहून उंच असेल तर कठडा निदान ३६ इंच हवा, आणि गजांमधून ४ इंच व्यासाचा गोळा जाऊं नये. मुलांच्या जिवाच्या दृष्टीनें हा नियम योग्यच आहे. परंतु तो आंधळेपणानें पाळला तर ओसरीला पिंजऱ्याचें रूप येतें आणि बसलेल्या माणसाची दृष्टि अडते. यावर एक समंजस तोड निघाली आहे: जुना कठडा होता तसाच ठेवावयाचा आणि त्याच्यावर साधी बारीक नळी आडवी बसवून उंची पुरी करावयाची; गजांमधलें अंतर जास्त असेल तर तेंहि अशाच न दिसणाऱ्या उपायानें आवळावयाचें. जुनें व नवें दोन्ही त्यांत स्पष्ट दिसतात आणि कोणाचाहि अपमान होत नाहीं.

ओसरी परत आणण्याचा प्रयत्न नव्या गांवांतहि झाला. १९८१ पासून फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर सीसाइड हें गांव उभें राहूं लागलें; त्याची आंखणी अँड्रेस डुआनी व एलिझाबेथ प्लेटर-झायबर्क यांनीं केली. तेथील नियमांनीं घरांना पुढची ओसरी आवश्यक ठरविली. देशभरहि वारें बदललें. १९९२ सालीं अमेरिकेंत बांधलेल्या नव्या एककुटुंबी घरांपैकीं ४२ टक्क्यांना ओसरी होती. पुढील दोन दशकांत हें प्रमाण ६० टक्क्यांच्या वर गेलें. परंतु यांतील कित्येक ओसऱ्या इतक्या अरुंद असतात कीं दोन खुर्च्या मांडल्या तर वाट राहत नाहीं. अशी ओसरी घराला दागिन्यासारखी असते. ती माणसांच्या उपयोगी पडत नाहीं. डाउनिंगच्या काळचा सुतार तिला ओसरी म्हणाला नसता.

या साऱ्या इतिहासावरून एक मर्यादित पण निश्चित निष्कर्ष निघतो. ओटा बांधल्यानें शेजार आपोआप निर्माण होत नाहीं. दक्षिणेंतील भरलेल्या ओसऱ्यांनीं तें दाखविलें, आणि नव्या गांवांतील रिकाम्या ओसऱ्याहि तेंच दाखवितात. परंतु ओटा पाडला म्हणजे शेजार होण्याची एक स्वस्त, आमंत्रणावांचून मिळणारी जागा निश्चितपणें जाते, आणि ती परत मिळविण्यास पुढच्या पिढीला दुप्पट खर्च येतो. ओट्याच्या दुरुस्तीवर पैसा घालणाऱ्या कुटुंबाला त्यापासून एक खोलीहि अधिक मिळत नाहीं. जें मिळतें त्यांतील निम्मा वांटा रस्त्यानें जाणाऱ्याचा असतो. हा वांटा देण्याची तयारी जेथें असेल तेथेंच जुन्या ओसरीचा जीर्णोद्धार सार्थकीं लागतो. एरवीं नुसते खांब उभे राहतात.